इन्फर्मेशन सिस्टिम्सला जाऊ का? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात बारावीनंतरच्या कोर्सबद्दल लिहिताना इन्फर्मेशन सिस्टिम्स या विषयाचा जाता जाता उल्लेख केला होता, तर त्यावरच जास्त पत्रं आली. यवतमाळ, अमरावती, वाशीम, बुलडाणा, सगळीकडून, आणि बहुतेक खेड्यातलीच. काही पोरांची, काही आईबाबांची. म्हणून या वेळी पूर्ण कॉलम त्यालाच देते. मी स्वतः तालुक्याच्या ठिकाणी हे विषय शिकवते, त्यामुळं बोलायला भरपूर आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मी बारावी सायन्सले हाय, दारव्हा तालुक्यात राहते. तुम्ही लिहिलं ते इन्फर्मेशन सिस्टिम्स म्हणजे नेमकं काय असते? आमच्या सरांले विचारलं तर ते म्हणे कम्प्युटर सायन्स, आयटी अन् हे सारं एकच हाय, नाव वेगळं. खरं काय ते सांगजा.

एकच नाही गं. कम्प्युटर सायन्सवाला मशीनच्या आत बघतो, गणित कसं लवकर सुटेल, अल्गोरिदम, म्हणजे काम सोडवायची पायरीपायरीची रीत, कशी लिहायची, ऑपरेटिंग सिस्टिम कशी चालते. आयटीवाल्याच्या अंगावर नेटवर्क, सर्व्हर, ते बंद पडू नये याची जबाबदारी. आणि इन्फर्मेशन सिस्टिम्सवाला मशीनच्या बाहेर उभा राहून बघतो की या बँकेत, या दवाखान्यात, या जिनिंगवर कोणाला कोणती माहिती कधी लागते, ती कुठून येते आणि कुठं अडकते. मग त्याप्रमाणं सिस्टिम बांधतो किंवा बांधून घेतो. म्हणून यात कम्प्युटर अर्धा आणि अकाउंट, मॅनेजमेंट, माणसांची कामाची पद्धत हे अर्धं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी १९६८ च्या सुमारास हा विषय वेगळा शिकवायला सुरुवात केली, म्हणजे कालपरवाचं फॅड नाही हे.

आता तुझ्या घरचंच घेऊ, वावरात कापूस असेलच. हमीभावानं सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला द्यायचा तर २०२५ च्या हंगामापासून कपास किसान ॲपवर आधी नोंदणी करायची, मग स्लॉट घ्यायचा. नोंदणीला सातबारा, पीकपेऱ्याची नोंद, आधार लागतं. पीकपेरा तर २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर कास्तकारानं स्वतःच भरायचा असतो, वावरात उभं राहून फोटो काढून. मग गाडी जिनिंगवर जाते, काट्यावर वजन होतं, ग्रेडर ओलावा मोजतो, ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत भाव कमी कमी होत जातो आणि १२ च्या वर घेतच नाहीत. शेवटी चुकारा बँकेच्या खात्यात. आता बघ, महसूलचा रेकॉर्ड एका जागी, पेऱ्याचा फोटो दुसऱ्या जागी, वजन आणि ओलावा तिसरीकडं, खातं चौथीकडं, आणि ही चारही ठिकाणची माहिती एकाच माणसाची आहे हे सिस्टिमला कळलं पाहिजे. सातबाऱ्यावर बापाचं नाव पूर्ण आणि आधारवर नुसतं एक अक्षर, एवढ्यावरून कामं अडतात ते तू पाहिलंच असशील. नावावरून माणूस ओळखायचा नाही, त्यासाठी न बदलणारा नंबर लागतो, हा आमच्याकडं पहिल्या सेमिस्टरचा धडा असतो आणि आता जो शेतकरी ओळख क्रमांक काढायला लावतात त्यामागं हेच आहे.

अजून थोडं जवळून दाखवते, कागद घे. एक चौकट काढ शेतकऱ्याची, एक गटाची, म्हणजे जमिनीच्या गट नंबरची. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं आहेत, म्हणजे एका गटाला तीन शेतकरी झाले. त्यातल्या एका भावाचं सासुरवाडीच्या गावातही वावर आहे, म्हणजे एका शेतकऱ्याला दोन गट झाले. आता तू गटाच्या चौकटीत मालकाच्या नावासाठी एकच रकाना ठेवलास तर उरलेल्या दोघा भावांना नोंदणीच करता येणार नाही, ते बिचारे तहसीलच्या चकरा मारत बसतील आणि खिडकीवरचा बाबू म्हणेल सिस्टिम घेत नाही. म्हणून मधे तिसरी चौकट लागते, हिश्शाची. कोण, कोणत्या गटात, किती आर. बस, एवढं सुचलं की तुला डेटाबेसचा, म्हणजे तक्त्यांत मांडलेल्या माहितीच्या साठ्याचा, गाभा समजला. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली तक्त्यांची ही पद्धत मांडली आणि पीटर चेन यांनी १९७६ साली चौकटी काढून विचार करायची रीत दिली, आजही सगळीकडं तेच चालतं. शहरातल्या पोराला हे उदाहरण समजवायला मला सामाईक खातं म्हणजे काय तिथून सुरू करावं लागतं, तुला नाही सांगावं लागणार. तुझ्याकडं हे आधीच आहे, हे मला फार मनापासून सांगायचं आहे.

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझी मुलगी बारावी कॉमर्स झाली, दर्यापूरकडं राहतो, पाच एकर कोरडवाहू. तिला कम्प्युटरमधलं शिकायचं आहे. पण नावंच इतकी आहेत की समजत नाही, बीसीए, बीबीए, बीएस्सी आयटी. कोणी म्हणतं पुण्याला पाठवा. फीचं कसं होईल?

भाऊ, आधी एक गोष्ट, आपल्याकडं पदवीवर इन्फर्मेशन सिस्टिम्स असं नाव फार क्वचित दिसतं, तो विषय वेगवेगळ्या नावांच्या आत वाटला गेलाय. बीसीए, बीएस्सी आयटी, बीबीए कम्प्युटर ॲप्लिकेशन, बीई आयटी, आणि काही इंजिनिअरिंग कॉलेजात टीसीएसच्या मदतीनं सुरू झालेलं कम्प्युटर सायन्स अँड बिझनेस सिस्टिम्स. बीई, बीटेकला बारावीत फिजिक्स आणि गणित लागतं, त्यामुळं तुमच्या मुलीसाठी ते सोडा. बीसीएला कुठल्याही शाखेची बारावी चालते.

नावाकडं बघू नका, सिलॅबस डाऊनलोड करा, किंवा कॉलेजातून झेरॉक्स आणा, आणि त्यात सिस्टिम ॲनालिसिस अँड डिझाइन, डेटाबेस, अकाउंटिंग, आणि शेवटच्या वर्षी बाहेर जाऊन करायचा प्रोजेक्ट हे चार आहेत का ते मुलीसोबत बसून तपासा. हे असलं तर कोर्स कामाचा. नुसत्या प्रोग्रामिंगच्या भाषा एकामागून एक रचलेल्या दिसल्या, सी, मग सी प्लस प्लस, मग जावा, आणि माणसाच्या कामाबद्दल एक पेपर नाही, तर मी तरी तिथं पाठवणार नाही. कॉमर्सची मुलगी म्हणजे डेबिट क्रेडिट, जर्नल, ट्रायल बॅलन्स येतंच, आणि ईआरपी म्हणतात ती सगळ्या विभागांचं काम एकत्र चालवणारी मोठी सॉफ्टवेअरं आतून याच हिशोबावर उभी असतात, तिला उलट सोपं जाईल.

प्रवेशाचं म्हणाल तर २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या खाली आलेत आणि राज्याच्या सीईटी सेलची वेगळी सीईटी द्यावी लागते. बीएस्सी आयटीला ही सीईटी लागत नाही. बरीच पोरं बारावीचे पेपर होईपर्यंत सीईटीचा फॉर्मच भरत नाहीत आणि मग निकालानंतर पळापळ, तेवढं होऊ देऊ नका, फॉर्म आधीच भरावा लागतो. आणि पुढं एमसीए करायचं मनात असेल तर बारावीला किंवा पदवीला गणित होतं का हे बघितलं जातं, ही गोष्ट तिसऱ्या वर्षाला समजली की पोरी रडतात, म्हणून पहिल्याच वर्षी सिलॅबसमध्ये गणिताचा पेपर आहे याची खात्री करा.

फीचं आता. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, असा शासन निर्णय जुलै २०२४ ला निघालाय. एससी, एसटीच्या मुलींसाठी शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेतच. पण तुमचं कॉलेज आणि तोच कोर्स महाडीबीटी या शिष्यवृत्त्यांच्या सरकारी पोर्टलच्या यादीत आहे का, आणि प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, घ्यावा लागतो का, हे ऑफिसात आधी विचारून घ्या, प्रवेश झाल्यावर नाही. बाहेरगावी ठेवायचं झालं तर अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तोही फॉर्म महाडीबीटीवरच. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमिलेअर, व्हॅलिडिटी, जे जे लागत असेल ते निकालाच्या आधीच सेतूवर टाकून द्या, जूनमध्ये गर्दी होते.

पुण्याचं माझं मत विचाराल तर पदवीसाठी अमरावती, अकोला, नागपूर पुष्कळ झालं. पुण्याचा खोलीभाड्याचा पैसा वाचवून तिला एक बरा लॅपटॉप घेऊन द्या.

प्रश्न : दादा म्हणू की ताई म्हणू माहीत नाही, माफ करजा. मी बीसीए पहिल्या वर्षाले हाय, जिल्हा वाशीम. माझे बाबा सेवा सहकारी सोसायटीत गटसचिव हायेत. सोसायटीत कम्प्युटर आला, सॉफ्टवेअर आलं, पण बाबा आता रजिस्टरमधी बी लिहितात अन् कम्प्युटरमधी बी भरतात. काम दुप्पट झालं. ते म्हणतात तू जे शिकून राहिला ते असंच असन तर काऊन शिकतं? मी काय उत्तर देऊ?

ताई म्हण रे. तुझ्या पत्रानं मला फार आनंद झाला, कारण तू जे विचारलं तो आमच्या विषयाचा अगदी मधला प्रश्न आहे.

केंद्रानं जून २०२२ मध्ये देशभरातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटींची योजना, सगळ्यांना एकच ईआरपी, नाबार्ड त्यात मुख्य. म्हणजे गावातल्या सोसायटीचं खातं जिल्हा बँकेला आणि वर राज्य बँकेला दिसावं. कल्पना चांगलीच आहे. आता बाबा दोन्हीकडं लिहितात त्याला आमच्या पुस्तकात समांतर चालवणं म्हणतात, पॅरलल रन. नवी सिस्टिम आली की जुनी एकदम बंद करायची नाही, काही दिवस दोन्ही चालवायच्या, रोज संध्याकाळी दोन्हीकडचा आकडा जुळतो का बघायचं, सलग जुळला की जुनी बंद. हे बरोबरच आहे. पण यातली दोन कामं नेहमी राहून जातात. एक म्हणजे संध्याकाळी जुळवून बघणं, आणि दुसरं म्हणजे जुनं रजिस्टर कोणत्या तारखेला बंद होणार ते ठरवणं. ही दोन नसली की ती परीक्षा राहत नाही, नुसती डबल मजुरी होते. बाबांना विचार, रोज जुळवून कोण बघतं? तारीख कोणी ठरवली? उत्तर ‘कोणीच नाही’ असेल तर दोष कम्प्युटरचा नाही आणि बाबांचा तर मुळीच नाही, सिस्टिम आणताना माणसाच्या कामाचा विचार झाला नाही एवढंच.

अजून एक गोष्ट बाबांकडून समजून घे. पीककर्ज ३ लाखांपर्यंतचं असेल आणि वेळेत भरलं तर कास्तकाराला शून्य टक्के व्याज पडतं, बरोबर? आता समज कास्तकार शेवटच्या तारखेला पैसे घेऊन आला, लाइन नव्हती, बाबांनी पावती फाडून दिली आणि कम्प्युटरमध्ये दोन दिवसांनी भरलं. सिस्टिममध्ये एकच तारीख असेल, आणि तीही ज्या दिवशी भरलं ती आपोआप पडत असेल, तर तो माणूस थकीत दिसेल आणि व्याजाची सवलत जाईल. रजिस्टरमध्ये हे होत नव्हतं कारण बाबा पावतीची तारीख टाकत होते. म्हणून चांगल्या सिस्टिममध्ये दोन तारखा वेगळ्या ठेवतात, पैसे आले ती आणि नोंद झाली ती, आणि मागची तारीख टाकायचा अधिकार कोणाला, कोणाच्या सहीनं, हेही बांधून ठेवतात, नाहीतर उद्या कोणी गैरफायदाही घेईल. हे दोन रकाने पाहिजेत हे मुंबईत बसलेल्या प्रोग्रामरला स्वप्नात दिसत नाही, ते गटसचिवाला माहीत असतं, आणि गटसचिवाचं म्हणणं प्रोग्रामरच्या भाषेत लिहून देणारा माणूस मधे लागतो. तो माणूस बनायला तू शिकतोयस, हे बाबांना सांग.

आणि जुनी बाकी नव्यात चढवणं हे तर वेगळंच मोठं काम. मयत सभासदाचं खातं, वारसाच्या नावावर न झालेलं कर्ज, एकाच नावाचे गावात तीन माणसं, हे सगळं चढवताना जी चूक बसते ती पुढं वर्षानुवर्षं राहते. सुट्टीत बाबांजवळ बस, फक्त बघ, दिवसभरात ते कोणता कागद कुठून उचलतात आणि कुठं ठेवतात ते वहीत लिहून काढ. दुसऱ्या वर्षाला सिस्टिम ॲनालिसिस येईल तेव्हा तुझ्या वर्गात तुझ्याएवढं तयार कोणी नसेल.

प्रश्न : माझं एमएस-सीआयटी झालं आहे, टायपिंगपण आहे. डिग्री करायची खरंच गरज आहे का?

एमएस-सीआयटी चांगलं आहे, २००१ पासून राज्यात लाखो लोकांनी केलं, पण ते कम्प्युटर वापरायला शिकवतं. ऑपरेटरचं काम मिळेल. सिस्टिम कशी असावी हे ठरवणारं काम पाहिजे असेल तर डिग्री लागेल. नोकरी करत करत करायची तर इग्नूचं बीसीए आहे, कुठल्याही शाखेला चालतं.

प्रश्न : लॅपटॉप नाही, फक्त मोबाइल आहे, अन् लाइन तर तुम्हाला माहीतच आहे. जमेल का?

पहिलं वर्ष जमेल. चौकटी काढायला, काम कसं चालतं त्याचा नकाशा काढायला कागद पेन्सिलच लागते, मी तर वर्गात पहिले काही आठवडे लॅब उघडतच नाही. मोबाइलवर पायथन चालतं, एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेचा, सराव होतो, स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे डेटाबेसचे कोर्स फुकट आहेत, पैसे फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेला. लेक्चर रात्री वायफाय असेल तिथं उतरवून ठेव. दुसऱ्या वर्षापासून मात्र मशीन पाहिजेच, आणि तेव्हा जुना का होईना लॅपटॉपच घे, डेस्कटॉप नको, लाइन गेली की तो मेला. कॉलेजची लॅब कॉलेज सुटल्यावर वापरू देतात का ते विचार, नसतील देत तर चार जण मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. हा हक्क आहे, फीमध्ये लॅबचे पैसे घेतात.

प्रश्न : एआय आलं, आता कोड तोच लिहितो म्हणतात. तीन वर्षांनी आम्हाला नोकरी कोण देणार?

ही भीती खोटी नाही. साधा कोड लिहून देणं आता स्वस्त झालंय, नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नकोस. पण वर लिहिलेल्या त्या दोन तारखा बघ. एआयला सांगितलं तर तो दोन रकाने करून देईल, पण दोन रकाने पाहिजेत हे त्याला सांगायला कोणीतरी सोसायटीत बसलेलं लागतं ना. मी पोरांना म्हणते की त्याच्याकडून कोड लिहून घ्या, पण काय लिहायचं ते तुमच्याकडून यायला पाहिजे आणि त्यानं लिहिलेलं बरोबर आहे का हे तपासता यायला पाहिजे, त्यासाठी एसक्यूएल आणि एक भाषा पक्की हवीच. नोकऱ्या नागपूरच्या मिहान या औद्योगिक भागात आहेत, टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल तिथं आहेत, पण मला वाटतं तेवढ्यावरच डोळा ठेवू नये. जिनिंग, दाल मिल, दवाखाने, बँका, शेतकरी उत्पादक कंपन्या, सगळ्यांना स्टॉक आणि हिशोब समजणारं माणूस पाहिजे असतं आणि ते त्यांना सापडत नाही. सुरुवातीचा पगार कमी असतो, हेही आत्ताच सांगून ठेवते.

प्रश्न : मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, बुलडाणा जिल्हा. प्रोजेक्टला सगळे लायब्ररी मॅनेजमेंट किंवा हॉटेल मॅनेजमेंट घेतात, आयतं मिळतं. मला वेगळं करायचं आहे. सुचवा.

वा, हे आवडलं! तुझ्या गावातलं कृषी केंद्र घे. खताला पॉस मशीनवर कास्तकाराचा अंगठा लागतो, बिल जीएसटीचं वेगळं, आणि उधारी मात्र दुकानदाराच्या वहीत. जूनमध्ये बियाणं खत उधार, कापूस सोयाबीन विकला की दिवाळीच्या आसपास वसुली, कोणी अर्धे देतो, कोणी पुढच्या हंगामावर ढकलतो, कोणी पैशाऐवजी सोयाबीनच आणून टाकतो आणि त्याचा त्या दिवशीचा भाव लावतात. हे सगळं एका सिस्टिममध्ये बसवून दाखव, लायब्ररीपेक्षा दहापट शिकशील.

पण सुरुवात स्क्रीनपासून करू नकोस. पेरणीच्या गर्दीत एक दिवस काउंटरच्या बाजूला नुसता बसून राहा, दुकानदार कोणाला उधार देतो आणि कोणाला नाही हे कशावरून ठरवतो ते बघ, विचार. वही बघायची तर परवानगी घे, फोटो काढू नकोस. खरी नावं, आधार नंबर प्रोजेक्टमध्ये अजिबात टाकायचे नाहीत, खोटी नावं भर. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे तो रिपोर्टमध्ये एक पान लिही, आणि कायदा नसता तरी गावात कोणाची किती उधारी हे बाहेर जाणं वाईटच.

एक अडचण येईल ती आधी सांगते. उधारी बापाच्या नावावर आणि पैसे भरायला येतो पोरगा, किंवा दोन भावांची एकच उधारी. म्हणजे घेणारा, देणारा आणि जबाबदार माणूस हे तीन वेगळे धर, एक धरलंस की पुढं सगळं तुटेल. पहिली स्क्रीन तयार झाली की दुकानदाराला मोबाइल हातात दे, काही समजावून सांगू नकोस, आणि त्यानं आधी कुठं बोट लावलं, कुठं थांबला, काय विचारलं ते लिहून घे. त्या नोंदी घेऊन मला पुन्हा पत्र लिही, गाइड सर नसतील बघत तर मी बघते.